उघडून बघू

घरी आलेला पाहुणा बसण्याआधी कुठे बघतो, यावरून त्याचं कूळ ओळखावं. कुणी भिंतीवरचे फोटो बघतो, कुणी स्वयंपाकघरातून काय वास येतोय याचा अंदाज घेतो. भाऊकाका टीव्हीच्या मागे बघतात. पुढे पडद्यावर भारताच्या आठ विकेट पडलेल्या असोत की पंतप्रधान बोलत असोत, यांचं डोकं मागे. "धूळ फार बसलीये. उघडून बघू का?" असं ते म्हणतात, पण तो प्रश्न नसतो. यजमानीण पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येईपर्यंत खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर आलेला असतो, आणि ज्या टीव्हीला काहीही झालेलं नव्हतं तो पाटावर पालथा पडलेला असतो.

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना असा माणूस दर दोन-तीन इमारतींमागे सापडतोच. आश्चर्य वाटायला नको. अंबरनाथला ऑर्डनन्सचे कारखाने, काडेपेट्यांची विमको, मागाहून एमआयडीसी. शेजारी उल्हासनगर, जिथे म्हणाल ती वस्तू म्हणाल त्या भावात बनवून मिळते. आणि पुढे बदलापूर, जिथे या सगळ्यांनी फंडाच्या पैशांतून फ्लॅट घेतले. हाताला कामाची सवय आहे आणि समोर काम नाही, अशी माणसं या पट्ट्यात साठतच गेली. आमच्या इमारतीच्या वाट्याला आलेले ते भाऊकाका.

भाऊकाका मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत होते. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, त्यांनी कारखान्याला अजून केलेलं नाही. सकाळी दहाच्या चहाला ते 'टी-ब्रेक' म्हणतात आणि रात्री जेवणानंतर सोल्डरिंग आयर्न तापवलं तर तो 'ओव्हरटाइम'. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूचं जॉब कार्ड निघतं. त्यासाठी कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरली जाते. आमच्या मिक्सरचं जॉब कार्ड पलीकडच्या इमारतीतल्या एका लग्नाच्या पत्रिकेमागे आहे. ते लग्न टिकलं नाही, मिक्सर चालू आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्डनन्स कारखान्यांचं मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा सगळी कॉलनी काळजीत पडली होती. काकांनी एवढंच म्हटलं, "पुढचं पॅनेल बदललंय. सप्लाय तोच आहे."

सप्लाय हा त्यांच्या आयुष्यातला मूळ सिद्धांत. "आधी सप्लाय बघायचा," हे ते मिक्सरबद्दल म्हणतात, शेजारच्या मुलाच्या दहावीच्या मार्कांबद्दल म्हणतात, आणि एकदा डॉक्टरांनी त्यांना गुडघेदुखीचं कारण सांगायला सुरुवात केली तेव्हा डॉक्टरांनाही म्हणाले. दुसरा सिद्धांत, "मीटर खोटं बोलत नाही." तिसरा, जो ते फक्त जपानी वस्तूंबाबत वापरतात, "त्याने चूक केलेली नाही. आपल्याला समजलेलं नाही."

आता त्या जपानी वस्तूकडे येतो, कारण काकांचा खरा संसार तिच्याशीच चालला आहे.

काकूंचा भाऊ मस्कतला होता. १९८४ साली सुट्टीवर येताना त्याने बहिणीसाठी स्टिरिओ रिसीव्हर आणला. ज्यांनी तो जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: रिसीव्हर म्हणजे अॅम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच डब्यात. डबाही असा तसा नाही, पुढे ब्रश केलेलं अॅल्युमिनियम, बाजूला लाकडी रंगाचे गाल, आणि वजन एवढं की सहार विमानतळावरून टॅक्सीत घालतानाच लोक मालकाकडे आदराने बघायचे. सान्सुई, पायोनिअर, अकाई, टेक्निक्स, केनवुड ही नावं तेव्हा आखातातून येणाऱ्या माणसांच्या सामानाबरोबर घरोघरी पोचली, आणि आमच्याकडच्या मुलांनी ती देशांच्या राजधान्यांआधी पाठ केली. त्याआधीच्या रेडिओला काचेवर सरकणारा काटा असे. काट्याला बांधलेली दोरी सैल झाली की सिलोन भलत्याच ठिकाणी लागे. या नव्या संचात काटा नव्हता. काळ्या पट्टीवर निळसर हिरवे आकडे उजळायचे. काकांनी ते आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मेहुण्याच्या तब्येतीची चौकशी करायची राहून गेली, अशी काकूंची तक्रार आहे. तक्रार चाळीस वर्षांची आहे आणि तिचं जॉब कार्ड निघालेलं नाही.

तर हे आकडे बिघडले. आधी मंद झाले. मग प्रत्येक आकड्याची उजवीकडची वरची दांडी गेली. सात दांड्यांनी आकडा बनतो. त्यातली ही एक गेली की नऊचा पाच होतो आणि आठचा सहा. त्यामुळे ९८.३ लावलं की पट्टीवर छप्पन्न आणि पुढे काहीतरी अर्धवट. गाणं मात्र स्वच्छ येत होतं, आणि नेमकी इथेच दोन विचारसरणींची गाठ पडली.

काकू म्हणाल्या, "गाणं ऐकू येतंय ना?"

काका म्हणाले, "आकडा दिसत नाहीये."

"लता तरी कुठे दिसते? ऐकतोच ना आपण?"

काकू डोळे मिटून बटण फिरवतात आणि विविध भारतीवर बरोबर थांबतात. त्यांना ना आधी आकडा लागत होता ना आता. पण काकांच्या दृष्टीने, ज्या यंत्राला स्वतः कुठे उभे आहोत हे सांगता येत नाही ते यंत्र आजारी. "उघडून बघू," ते म्हणाले, आणि जेवणाचं टेबल गेलं. त्या घरात तेव्हापासून जेवण ओट्याशी उभ्याने किंवा टीव्हीसमोर मांडीवर ताट घेऊन होतं. पाहुणे आले तर रिसीव्हरवर वर्तमानपत्र अंथरून त्याच्या कडेकडेने बशा ठेवतात.

काका उघडतात कसे, हे बघण्यासारखं आहे. स्क्रू कुठून निघाला त्याच क्रमाने ठेवला पाहिजे हा कारखान्याचा शिरस्ता. त्यासाठी त्यांना आदर्श डबी मिळाली ती मुलीने दिलेली: रक्तदाबाच्या गोळ्यांची, सात कप्प्यांची, वारांची नावं छापलेली. तळाचे स्क्रू सोमवारी, मागचे मंगळवारी, ट्रान्सफॉर्मरचे बुधवारी. गोळ्या बिचाऱ्या मूळ पाकिटात परत गेल्या आणि विसरल्याही गेल्या. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, आजची गोळी घेतली का?" काका डबी उघडून खरं ते सांगतात, "गुरुवार भरलेला आहे."

मग सिरीज बल्ब. जुना संच थेट प्लगला लावायचा नाही. मध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा. संचात शॉर्ट असेल तर बल्ब भकाभक पेटतो आणि संच वाचतो. नसेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. युक्ती फार जुनी आणि फार शहाणी आहे, पण हल्ली सगळीकडे एलईडी आले आणि त्यांच्याकडून हे काम होत नाही. त्यामुळे काका पिवळ्या बल्बांचे साठेबाज झाले आहेत. इमारतीत कुणी न्हाणीघरातला दिवा बदलताना दिसलं की जिन्यात काका उभे. "टाकू नका, माझ्याकडे द्या." गणपतीच्या मखरातले, बंद पडलेल्या पोल्ट्रीतले, एका शिंप्याच्या दुकानातले, असे सगळे दिवे त्यांच्या कपाटात जुन्या मोज्यांत घालून ठेवलेले आहेत.

निदान करताना काकांना श्रोता लागतो. तुम्ही जिन्यातून जात असाल तर तो तुम्ही. "बस. हे बघ. अख्खा आकडा गेला असता तर ग्रिडची लाइन. सगळ्या आकड्यांची एकच दांडी गेली म्हणजे त्या दांडीची सामाईक लाइन, म्हणजे कुठे तरी सोल्डर सुटलाय. आणि सगळंच मंद झालंय म्हणजे?" इथे ते थांबतात. तुम्हाला "सप्लाय" म्हणावं लागतं. म्हटल्याशिवाय चप्पल घालू देत नाहीत.

बरं, सांगतात ते चुकीचं नसतं, हीच तर अडचण आहे. त्यांच्याकडूनच मला कळलं की ते आकडे म्हणजे दिवे नव्हेत, व्हॉल्व्ह आहे. पूर्वीच्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचा चपटा वंशज. आत निर्वात पोकळी. पुढून केसाहून बारीक तारा ताणलेल्या असतात. त्यांना तीन-चार व्होल्ट देऊन लाल होण्याच्या जेमतेम अलीकडे तापवायचं, देवघरातल्या समईइतकं मंद. तारांवरून इलेक्ट्रॉन सुटतात, जाळीने वाट दिली की मागच्या दांड्यांवर जाऊन आदळतात, आणि दांड्यांवर झिंक ऑक्साइडचा थर असतो तो निळसर हिरवा उजळतो. १९६७ च्या सुमारास जपानच्या इसे इलेक्ट्रॉनिक्समध्ये तादाशी नाकामुरा यांनी हे काढलं. कॅल्क्युलेटर, व्हीसीआर, मायक्रोवेव्ह, मोटारीतली घड्याळं, सगळीकडे पुढची तीस वर्षं तोच रंग होता. नाकामुरांचं नाव काका ज्या सुरात घेतात त्या सुरात आमच्याकडे फक्त गोंदवलेकर महाराजांचं नाव घेतलं जातं.

इलेक्ट्रॉनना ओढायला तारा उणे पंचवीस-तीस व्होल्टवर ठेवाव्या लागतात. ते उणे व्होल्ट गाळून देणारा एक कपॅसिटर, शेंगदाण्याएवढा, चाळीस वर्षांत आतून सुकला होता. काकांनी तो पकडला आणि जाहीर केलं, "उणे सप्लाय कमी पडतोय."

"घरात उणं काय कमी आहे," काकू आतून म्हणाल्या, "म्हणून आता विकत आणणार?"

विकत आणायचं म्हणजे उल्हासनगर. ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड हे काकांचं पंढरपूर, पण तिथे वारीला जायचं. रोजच्या देवदर्शनाला उल्हासनगर, एक स्टेशन. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने त्यांना भाबडेपणाने विचारलं होतं की जपानी संच आहे तर जपानी बाजारात मिळेल ना. त्याला बसवून सांगावं लागलं की तिथे कापड मिळतं. काकांचं ठरलेलं दुकान कॅम्प तीनमध्ये, एका बोळात. दुकान एवढंसं की सेठ बसले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. या शहराचा स्वभाव त्या दुकानात उतरलेला आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं लष्कराच्या ट्रान्झिट कॅम्पाच्या बराकींत उतरली, १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि हाताशी असेल त्यातून काहीही बनवून विकायचं कसब तिथल्या हवेत मुरलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता तिथले लोकच आधी सांगून मोकळे होतात. त्या सेठना दुरुस्ती कळते, पण हट्ट कळत नाही.

"काका, ये पुराना डिस्प्ले निकालो," सेठ म्हणाले. "ये लो किट. ब्लूटूथ, यूएसबी, पेनड्राइव्ह, रिमोट. लाल आकडा. तीन सौ."

काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी शब्दांत सांगत नाही. शेवटी म्हणाले, "सेठ, हमको गाना नहीं चाहिए. हमको आकडा चाहिए."

बाजूचं एक गिऱ्हाईक लगेच सरकून कानाशी आलं. "ओपन का है, काका?"

'आकडा' म्हटला की तो मटक्याचाच, असे गैरसमज व्हायचेच. सेठनी त्याला हाकललं आणि कपॅसिटर काढून दिले. काकांनी खिशातून मीटर काढलं. प्रत्येक नग मोजला. छापील आकड्याशी जुळणारे बाजूला, बाकीचे परत. सेठ शांतपणे चहा पीत राहिले आणि म्हणाले, "साईं, दस रुपये का माल और सौ रुपये की जांच." पण त्यांनी स्टूल बाहेर दिलं. काकांसाठी एक वेगळी पुडी ते राखून ठेवतात हे मला नंतर कळलं. काकांना ते ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ती पुडीसुद्धा मोजतील.

कपॅसिटर बदलला. सुटलेला सोल्डर भिंग लावून शोधला आणि जोडला. दांडी परत आली, नऊ पुन्हा नऊ झाला. इथे एखाद्या माणसाने झाकण लावलं असतं. पण उजेड अजून उणाच होता. काकांनी रात्री सगळे दिवे घालवून पट्टीवर तळहाताचा आडोसा केला, बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "थर थकलाय. काच बदलावी लागेल." त्या काचा बनणं बंद होऊन जमाना झाला. म्हणजे तसाच दुसरा संच शोधणं आलं.

आणि तो बदलापूरला होता. मेहुण्याच्याच मस्कतच्या कंपनीतले एक गृहस्थ, त्याच दुकानातून, त्याच महिन्यात, तोच संच घेऊन आलेले. मांजर्लीला नदीच्या अंगाला त्यांचं जुनं घर. हे गृहस्थ म्हणजे वेगळ्या पोटजातीचा नमुना. काका उघडतात, हे झाकतात. त्यांनी संच शोकेसमध्ये प्लास्टिकच्या आवरणात ठेवला आणि फक्त गणपतीत आणि दिवाळीत लावला, 'खराब होऊ नये म्हणून'. मग २६ जुलै २००५ आला. उल्हास नदी गावात शिरली, तळमजले बुडाले, आणि वीस वर्षं जपलेला संच आवरणासकट रात्रभर पाण्याखाली राहिला. त्यांनी तो चिखल पुसून माळ्यावर ठेवला. विकला नाही, भंगारात दिला नाही, उघडला तर अजिबातच नाही.

काका त्यांच्याकडे मागायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. तासभर पाऊस, बारवी धरण, जांभळांचे भाव आणि दोघांचे गुडघे यांवर बोलणं झालं. मागणी घालायला आलेल्या मंडळींसारखे आम्ही विषयाभोवती फिरत होतो. शेवटी संच माळ्यावरून खाली आला. आतला लोखंडी भाग गंजून गेलेला, ट्रान्सफॉर्मरमध्ये गाळ, एका कोपऱ्यात कुंभारमाशीचं घर. काकांनी या कशाकडे बघितलं नाही. टॉर्च लावून काचेचा फक्त एक कोपरा पाहिला. तिथे आतून चंदेरी डाग असतो. पोकळीत चुकून राहिलेली हवा शोषून घेणारा थर. काचेत हवा शिरली की तो पांढरा पडतो. डाग आरशासारखा लखलखीत होता. पूर आला, गेला, काचेच्या आत त्याला प्रवेश मिळाला नव्हता.

"चांदी शाबूत आहे," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज घोगरा झाला.

गृहस्थ म्हणाले, "काच न्या. पण बाकीचं परत आणून द्या. ठेवतो."

अख्खा संच बदलापूरहून अंबरनाथला आला तो लगेजच्या डब्यातून, भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या रिकाम्या किटल्या यांच्या मध्ये. काकांनी तो मांडीवर घेतला होता. एका भाजीवालीने विचारलं, "मशीन चालतंय का?" काका म्हणाले, "नाही, पण काच चांगली आहे." तिने मान डोलावली आणि कोथिंबिरीची जुडी जरा पलीकडे सरकवली.

मध्येच एक गोष्ट राहिली, ती सांगून टाकतो, कारण तिच्यातून या माणसांचं दुखणं कळतं. बदलापुरातच कात्रपला एका नव्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर साखरपुडा होता. लिफ्टमधल्या आकड्याची मधली आडवी दांडी गेलेली, म्हणजे आठचं शून्य. पाहुणे आठव्या मजल्यावर पोचायचे, शून्य बघायचे, 'अरे, अजून खालीच आहोत' म्हणून पुन्हा बटण दाबायचे. काकांच्या हे पहिल्या खेपेलाच लक्षात आलं. साखरपुडा त्यांचा चुकला. ते लिफ्टमध्ये उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हे शून्य नाही, आठ आहे. मधली दांडी गेलीये. उतरा." नवऱ्यामुलाकडच्या मंडळींनी त्यांना सोसायटीचा लिफ्टमन समजून वीस रुपये दिले. काकांनी ते घेतले आणि जॉब कार्डावर जमा दाखवले.

काच बदलायची रात्र. तीसेक पाय एकदम सुटे करायचे, एकही ओढायचा नाही, काचेला तडा गेला तर संपलं. पंखा बंद, कारण वाऱ्याने सोल्डर लवकर थिजतो. कुकर बंद, कारण शिट्टीने हात हलतो. काकू सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या आणि मटारचाही आवाज होत असल्याचं त्यांना सांगण्यात आलं. हे काम काका ज्या हातांनी करतात त्या हातांना एरवी कंप आहे. चहाची बशी खुळखुळते. आयर्न धरलं की कंप जातो. हे का, ते मला माहीत नाही आणि काकांना विचारलं तर ते सप्लायवर येतील.

मग सिरीज बल्ब उजळला, मंद झाला, आणि पट्टीवर आकडे आले. मंद नव्हते, थकलेले नव्हते, १९८४ च्या दिवाळीतले होते. काकांनी घरातले दिवे घालवले, आजूबाजूच्या तीन घरांतून माणसं बोलावली. प्रत्येकाला जवळ नेऊन विचारलं, "काय दिसतंय?" 'छान' म्हणून चालत नाही. 'सुंदर' म्हणून चालत नाही. "एकशे दोन पूर्णांक आठ" म्हणावं लागतं. मग ते मान डोलावून पुढच्या माणसाला घेतात. शेवटी काकू आल्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या भावाने आणला तेव्हा अस्साच होता." त्यांच्या लग्नाच्या इतिहासात ही पावती फार वरच्या दर्जाची आहे. काकांनी ती ऐकलीसुद्धा नाही. ते मागच्या बाजूला हात लावून काय तापतंय ते बघत होते.

सगळ्यांना वाटलं, आता टेबल मिळेल. मिळालं नाही. झाकण लावायचं तर आधी ट्रायल. ट्रायलमध्ये चार स्क्रूंपैकी दोनच लावायचे, कारण परत उघडावं लागू शकतं. ट्रायल अजून चालू आहे. शनिवारचा कप्पा अजून भरलेला आहे. खरं तर संच बरा झाल्यापासून काका थोडे उदासच दिसायचे. बातम्या ते मोबाइलवर ऐकतात. रिसीव्हरवर गाणी काकू ऐकतात, डोळे मिटून, पट्टीकडे न बघता. काका समोर बसून फक्त पट्टी बघतात. एकाच संचातून दोघं दोन वेगळ्या गोष्टी घेतात आणि आवाजावरून भांडण होत नाही, असं जोडपं आमच्या इमारतीत हे एकच.

उदासी फार टिकली नाही. न्यू जर्सीहून परतलेल्या एका भाचीने तिकडे जुन्या बाजारात घेतलेला रिसीव्हर आणून दिला. पहिली गंमत म्हणजे तो एकशेवीस व्होल्टचा, आपल्या प्लगला लावला असता तर धूरच निघाला असता. काकांनी तो दारातच अडवला आणि योग्य व्होल्टेजवर लावला म्हणून वाचला. दुसरी गंमत त्याहून सरस. त्याचे आकडे शाबूत आहेत, पण आकाशवाणीवर थांबत नाहीत. १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार १९७८ पासून आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झवर बसवली गेली: ५५८, १०४४, ११८८, सगळे नऊच्या पाढ्यातले. अमेरिकेत दहाचा पाढा. त्यामुळे हा संच ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो आणि ५५८ वरची अस्मिता वाहिनी दोन पावलांच्या मध्ये राहते. एफएमवर तो दशांशात विषम आकडेच मानतो, १०२.७ नाहीतर १०२.९. विविध भारती १०२.८ वर उभी आहे आणि तो तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो.

काकूंनी त्यावर डोळे मिटून प्रयत्न केला. पहिल्यांदाच त्यांना जमलं नाही. त्या दिवशी काकांचा चेहरा जो फुलला तो आकडे उजळले त्या रात्रीपेक्षा जास्त. काही संचांत हा दहाचा पाढा नऊचा करायला मागे छोटा स्विच असतो, काहींत आत एखादा डायोड इकडचा तिकडे करावा लागतो. याच्या मागे स्विच नाही. काकांनी पत्रिकांच्या गठ्ठ्यातून एक कोरी बाजू काढली, तारीख घातली आणि 'तक्रार' या रकान्यात लिहिलं: 'आकाशवाणीला ओळखत नाही.' जेवणाचं टेबल गेलेलंच होतं. आता सोफाही गेला आहे.

तुमच्या माळ्यावर असा एखादा संच पडून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आणि 'चालतो का बघू' म्हणून सरळ प्लगला तर मुळीच लावू नका. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ चांगला शॉक देतात, तेव्हा झाकणालाही स्वतः हात लावू नका. अंबरनाथला आणा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही, त्या वेळात काकू झोपतात. दुरुस्तीचे पैसे ते घेत नाहीत. फक्त येताना घरातला जुना पिवळा बल्ब असेल तर घेऊन या, शंभर वॅटचा. आणि संच परत कधी मिळेल, असं विचारू नका.